दोन वेळा की दर दोन तासांनी?

प्रश्न : माझे वय ५२, उंची ५ फूट १ इंच आणि वजन ७४ किलो आहे. दीड वर्षापूर्वी आम्ही उभयतांनी दिवसातून दोनदाच जेवण्याचा नियम धरला. चार महिन्यांत माझे सात किलो उतरले. पुढच्या वर्षभरात त्यातले पाच परत आले. पुण्यातली माझी जाऊ दर दोन तासांनी थोडे थोडे खाते आणि सडपातळ आहे. यजमान ५८ वर्षांचे असून मधुमेहासाठी मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइड घेतात. गोळी सकाळी सातला आणि पहिले जेवण दुपारी एकला असते. हल्ली अकराच्या सुमारास त्यांना घाम फुटतो, हात थरथरतात. जेवणाच्या वेळा बदलल्याचे आम्ही डॉक्टरांना सांगितलेले नाही. नेमके कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या वजनाचे नंतर पाहू, यजमानांचे आधी, कारण ते थांबण्यासारखे नाही. ग्लिमेपिराइड पोटात अन्न असो वा नसो, शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. म्हणूनच ती एरवी दिवसाच्या पहिल्या मोठ्या खाण्यासोबत घ्यायची असते. सातला गोळी आणि एकला जेवण या सहा तासांच्या अंतरात रक्तातली साखर घसरत असावी, असेच तुमच्या वर्णनावरून दिसते. पुन्हा तसे झाले तर ग्लुकोमीटरवर साखर पाहा. ती ७० पेक्षा कमी असेल, किंवा यंत्र हाताशी नसेल, तर तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. ‘नियम मोडेल’ म्हणून थांबू नका. डॉक्टरांना याच आठवड्यात भेटा. गोळी मनाने बंदही करू नका. दोन जेवणांच्या पद्धतीचा प्रसार करणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित हेही ती सुरू करण्यापूर्वी उपाशीपोटी इन्सुलिन आणि एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) तपासून घ्यायला सांगतात. आपल्याकडे मात्र शेजारणीने सांगितले की नियम सुरू होतो आणि तपासण्या राहून जातात.

आता वादाविषयी. दोन जेवणांचा विचार मुळात डॉ. श्रीकांत जिचकारांचा, डॉ. दीक्षितांनी तो घरोघरी पोहोचवला. प्रत्येक खाण्याबरोबर इन्सुलिन वाढते, म्हणून खाण्याच्या वेळाच कमी करा, हे त्यामागचे सूत्र आहे. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी लोकप्रिय केलेल्या पद्धतीत थोडे थोडे, पण वारंवार आणि घरचे खाण्यावर भर असतो. माझ्या मते दोन्हींचा खरा फायदा एकाच ठिकाणी होतो, तो म्हणजे चहाबरोबरची बिस्किटे, खारी आणि येता-जाता डब्यातून काढलेला मूठभर चिवडा सुटतो. दिवसभराचे एकूण खाणे तेवढेच राहिले, तर ते दोनदा खाल्ले की सहादा, याने वजनात फारसा फरक पडत नाही.

मग तुमचे पाच किलो परत का आले? वजन उतरले की शरीराचा रोजचा खर्चही कमी होतो आणि भूक वाढते, हे एक कारण. दुसरे मला पुष्कळ घरांत दिसते. डॉ. दीक्षितांच्या ‘५५ मिनिटांत जेवण संपवा’ या वाक्याचा अर्थ हळूहळू ‘५५ मिनिटे जेवत राहा’ असा होऊ लागतो. चार पोळ्या, त्यावर भात, पन्नासाव्या मिनिटाला आठवणीने काढलेले श्रीखंड! त्याच पद्धतीतले ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणे मात्र पहिल्या पावसातच बंद पडते.

तेव्हा घड्याळाइतकेच ताटाकडे लक्ष द्या. ६० किलोच्या निरोगी माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिने लागतात. वाटीभर पातळ वरणात जेमतेम २५ ग्रॅम डाळ असते, म्हणजे प्रथिने पाचेक ग्रॅमच. त्याऐवजी घट्ट वरण, मोड आलेल्या मटकीची उसळ, कमी तेलातला झुणका, दही, चालत असल्यास अंडी किंवा मासे घ्या. ताटाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबिरीचा असू द्या आणि भाकरी किंवा भात यांपैकी एकच वाढून घ्या. महिन्याचे तेल मोजा, कारण एका लहान चमच्यात ४५ कॅलरी असतात आणि फोडणीला आपला हात सैल असतो. दोनदा जेवणे तुम्हाला जमत असेल तर ते जरूर चालू ठेवा. यजमानांच्या वेळा मात्र त्यांच्या औषधांप्रमाणे ठरतील. वजनाबरोबर कमरेचा घेरही महिन्यातून एकदा मोजा. भारतीय स्त्रियांसाठी ८० आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात.

प्रश्न : आठवड्यातून दोन उपवास करूनही वजन घटत नाही. असे का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : उपवासाला काय खाता हे आपण लिहिलेले नाही, पण साबुदाण्याची खिचडी असेल असे धरतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च; त्यात दाण्याचे कूट, तूप आणि बटाटा पडला की ती एरवीच्या जेवणाहून हलकी राहत नाही. राजगिऱ्याची भाकरी, काकडीची कोशिंबीर आणि ताक हे पदार्थही उपवासाला चालतात. खिचडीच हवी असेल तर एक वाटी घ्या, आणि संध्याकाळी उपवासाचे वेफर्स आणू नका.