मनात देवाबद्दल घाण विचार येतात, सारखं कन्फेशन करावंसं वाटतं? मग हे वाच

हे बघ, पवित्र आत्म्याविरुद्ध शिवी मनात आली म्हणून तू नरकात जाणार असं अजिबात नाहीये, तो विचार तुला नकोसा वाटतो, त्याने जीव घाबरतो, हेच ओसीडीचं (नको ते विचार सारखे येतात आणि तीच तीच कृती परत करावीशी वाटते, तो मानसिक आजार) लक्षण आहे. मीपण यातनं गेलोय, प्रार्थना म्हणताना एक शब्द नीट मनापासून आला नाही म्हणून परत 'हे आमच्या स्वर्गातील बापा' पासून सुरू, परत, परत, आणि तोवर चर्चमधली मिस्सा संपलेली.

संत इग्नेशियस माहितीये ना, जेझुइट या धर्मगुरूंच्या संघाचे संस्थापक? १५२२ मध्ये स्पेनमधल्या मनरेसाला असताना त्यांना हाच त्रास होता, जुनी पापं पुन्हा पुन्हा कन्फेस करायचे तरी समाधान नाही, जीव द्यावासा वाटण्यापर्यंत गेलेलं. त्यामुळे श्रद्धा कमी पडते म्हणून हे होतं असं कोणी म्हटलं तर मनावर घेऊ नकोस.

आता काय करायचं तर आधी सायकियाट्रिस्ट गाठ. ईआरपी नावाची थेरपी असते, त्यात विचार आला तरी प्रार्थना रिपीट करायची नाही, 'माफी मिळाली ना?' असं कोणाला विचारायचं नाही, ती घालमेल तशीच सोसायची, हळूहळू ती उतरते. सुरुवातीला फार अवघड जातं, खरंच. गोळ्या दिल्या तर दोन-तीन महिने धीर धर, मनाने बंद करू नकोस.

आणि फादर एकच ठरव, त्यांना ओसीडीबद्दल स्पष्ट सांग, कन्फेशन किती वेळा ते त्यांनाच ठरवू दे. जगणं नको वाटलं तर १४४१६ वर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन कर, रात्री पण उचलतात, फुकट आहे.