आधी जमेची बाजू वाच

प्रिय मित्रा,

पालिकेच्या अर्थ समितीवर निवड झाली, आता अंदाजपत्रकात नेमकं काय बघू, असं विचारलंस. बाकीचे सभासद खर्चाची पानं उघडतील, कारण आपापल्या वॉर्डातला रस्ता तिथे असतो. तू जमेची पानं उघड.

कागदावर शिल्लक दाखवणं फारसं अवघड नसतं. खर्च आधी ठरवायचा आणि तो भागेल एवढा कर वसूल होईल असं लिहून टाकायचं. म्हणून मागच्या चार-पाच वर्षांचे अंदाज आणि प्रत्यक्ष वसुली शेजारी शेजारी मांड. दरवर्षी अंदाज फुगलेला दिसला, तर यंदाही तो फुगलेलाच असणार. न्यूयॉर्कने वर्षानुवर्षं हेच केलं. कधीच हाती न येणारे कर आणि अनुदानं येणार असं धरून अल्पमुदतीची कर्जं काढली, वर रोजचा खर्चही भांडवली खात्यात, म्हणजे पूल-इमारतींसारख्या टिकाऊ कामांच्या खात्यात, ढकलला. १९७५ मध्ये बँकांनी शहराचे रोखे घ्यायला नकार दिला, तेव्हा पगाराचीही भ्रांत पडली.

जपानमधल्या युबारीचा प्रकार आणखी बेरकी. कोळशाच्या खाणी बंद पडल्यावर या शहराने पर्यटनात पैसा ओतला. तो बुडाला, पण हिशेबात दिसला नाही, कारण वर्षअखेरीला अल्पमुदतीची कर्जं या खात्यातून त्या खात्यात फिरवून तूट झाकली जायची. २००६ मध्ये भांडं फुटलं. मग कर वाढले, कर्मचारी कमी झाले, शाळा एकत्र कराव्या लागल्या.

कर्जाला मात्र सरसकट नाही म्हणू नकोस. पन्नास वर्षं टिकणारा पूल कर्जातून बांधला, तर तो वापरणारी पुढची पिढीही हप्ते भरते, त्यात अन्याय नाही. पगार आणि वीजबिलं कर्जातून भागवायची वेळ आली, तर खडबडून जागा हो. मालमत्ता विकून आलेल्या पैशाचंही तेच. शिकागोने २००८ मध्ये रस्त्यावरचे पार्किंग मीटर ७५ वर्षांसाठी खासगी कंपनीला देऊन सुमारे १.१५ अब्ज डॉलर घेतले. त्यातला मोठा वाटा पुढच्या काही अंदाजपत्रकांची भोकं बुजवण्यात संपला. मीटरचं उत्पन्न मात्र २०८३ पर्यंत गेलं ते गेलंच. सौदा मंजूर करणाऱ्यांपैकी तेव्हा कोण उत्तर द्यायला असेल?

दुरुस्तीच्या तरतुदीला कात्री लावताना कोणी ओरडत नाही, म्हणून ती सगळ्यात आधी लागते. तिथे तू ओरड. लोकप्रिय होणार नाहीस, याची तयारी ठेव.

आणि सभेआधी ठेकेदारांच्या थकलेल्या बिलांची यादी माग. ही देणी म्हणजे ठराव न करता काढलेलं कर्जच, आणि ती अंदाजपत्रकात क्वचितच एका जागी सापडतात. यादी तयार नाही असं सांगतील. लेखी मागणी दे, पोच घे, आणि यादी हाती पडेपर्यंत नव्या कामांना हात वर करू नकोस.

तुझा,
एक जुना सभासद