वाचक विचारतात : जुन्या लष्करी जीपगाड्या

प्रश्न : घोटीकडच्या एका शेतकऱ्याकडे जीप विकाऊ आहे. ‘दुसऱ्या महायुद्धातली अस्सल विलीज’ असं तो सांगतो आणि किंमतही तशीच मागतो. अस्सल आहे हे कशावरून ओळखायचं?
– एक वाचक, सातपूर

उत्तर : विलीज म्हणजे युद्धात लष्करासाठी जीप बनवणारी अमेरिकी कंपनी. तिची जीप ओळखताना ग्रिलवरून, म्हणजे पुढच्या जाळीवरून, सुरुवात करा, पण तिथेच थांबू नका. युद्धकाळातल्या पत्र्याच्या ग्रिलला नऊ उभ्या फटी असतात, युद्धानंतरच्या नागरी जीपला सात. युद्धातल्या जीपचे हेडलाइट लहान आणि ग्रिलच्या आत बसवलेले असतात. ते बिजागरीवर मागे उलटवले की रात्री इंजिनावर उजेड पडतो. मागे उघडणारं फाळकं नसतं आणि स्टेपनी मागच्या पत्र्यावर असते. बोनेट उंच दिसलं तर ती सीजे-थ्रीबी, म्हणजे आपल्याकडे महिंद्राने वर्षानुवर्षं बनवलेली जीप. तिच्यावर नऊ फटींची ग्रिल ठोकून ‘वॉर मॉडेल’ म्हणून खपवणारे आहेत.

पत्रा बदलता येतो, म्हणून खरं उत्तर चॅसीत शोधावं. रेडिएटरच्या पुढून खाली वाका. पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर चॅसी विलीजच्या युद्धकाळातल्या ‘एमबी’ मॉडेलची. तोच उलट्या पन्हळीसारखा चौकोनी असेल तर फोर्डने त्याच नमुन्यावर बनवलेल्या ‘जीपीडब्ल्यू’ची. १९४१ ते १९४५ मध्ये विलीजने सुमारे ३ लाख ६० हजार आणि फोर्डने सुमारे २ लाख ७८ हजार जीप बनवल्या, त्यामुळे फोर्ड निघाली तरी हिरमुसू नका. फोर्डच्या बोल्टच्या डोक्यांवर इंग्रजी ‘एफ’ कोरलेला असतो. तिचा नंबर डाव्या चॅसीवर थेट ठोकलेला असतो, तर विलीजचा नंबर रिव्हेट मारलेल्या पट्टीवर. पट्टी नवी करून घेता येते, म्हणून नुसत्या पट्टीवर विश्वास ठेवू नका.

आरसी बुकातल्या सीसीवरून काहीच कळत नाही. युद्धातलं साइड-व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेलं) इंजिन आणि सीजे-थ्रीबीचं इंजिन, दोन्ही २१९९ सीसीची. हेडकडे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाकडे, बघा. सपाट हेडवर चार प्लग उभे असतील तर साइड-व्हॉल्व्ह. वर रॉकर कव्हर, म्हणजे व्हॉल्व्हच्या यंत्रणेवरचं पत्र्याचं झाकण, असेल तर नंतरचं. युद्धातल्या सगळ्या जीप लेफ्ट हँड होत्या. उजवीकडे स्टिअरिंग असेल तर ते नंतर फिरवलेलं आहे, किंवा जीपच नंतरची आहे.

विलीजच्या चॅसीत फोर्डचं इंजिन सापडलं तर लगेच फसवणूक समजू नका. लष्करी वर्कशॉपमध्येच सुट्या भागांची सर्रास अदलाबदल होत असे. किंमत मात्र चॅसी पाहूनच ठरवा.

प्रश्न : माझी विलीज गावात नीट थांबते. कसारा घाट उतरताना मात्र ब्रेक पेडल हळूहळू खाली जातं. ब्रेक लायनर नवे आहेत.
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : पेडल घाटातच खाली जातं याचा अर्थ ब्रेक ऑइलने ओलावा ओढला आहे. ड्रम तापले की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. या जीपचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणारा) फ्लोअरखाली असल्याने पावसाळ्यातला चिखल थेट त्याच्यावर उडतो. शिवाय चारही चाकांना ब्रेक ऑइलचं सर्किट एकच आहे. एका चाकाची वॉशर गळाली तर चारही ब्रेक गेले.

जुनं ऑइल पूर्ण काढा. व्हील सिलिंडर (प्रत्येक चाकातला, ब्रेक दाबणारा छोटा सिलिंडर) उघडून आत गंजाचे खड्डे आहेत का ते बघा. खड्डे असतील तर नुसती किट बदलून भागत नाही, आत स्लीव्ह (नवी नळी) घाला किंवा सिलिंडरच बदला. पुढचा सिलिंडर १ इंची आणि मागचा पाऊण इंची असतो. मिळाले म्हणून चारही सारखे बसवले की मागची चाकं आधी लॉक होतात आणि ओल्या रस्त्यावर गाडी आडवी जाते. ऑइलमधली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा. लेफ्ट हँड जीपमध्ये क्रम असा : मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं. ॲडजस्ट करताना वरचा कॅम (लायनर ड्रमकडे सरकवणारा) ड्रम घासेपर्यंत फिरवा आणि चाक मोकळं होईल इतकाच मागे घ्या. खालच्या अँकर पिनांना फक्त नवे लायनर बसवताना हात लावायचा. पेडलला अर्धा इंच फ्री प्ले (मोकळी चाल) हवा. तो नसला तर ऑइल मागे परतत नाही आणि ब्रेक आपोआप धरून बसतात.

घाट दुसऱ्या गिअरमध्ये, हाय रेंजमध्येच उतरा. या जीपच्या ट्रान्सफर केसमध्ये (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारी आणि हाय-लो रेंज बदलणारी पेटी) पुढचा ॲक्सल जोडल्याशिवाय लो रेंज पडत नाही, आणि कोरड्या डांबरावर चारही चाकं जोडून वळणं घेतली की सगळा ताण गिअर आणि शाफ्टच्या सांध्यांवर (क्रॉसवर) येतो. हँडब्रेकच्या भरवशावर तर उतरूच नका. तो चाकांवर नाही, मागच्या प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे मागच्या ॲक्सलला फिरवणाऱ्या दांड्यावर, लागतो. शाफ्ट किंवा ॲक्सल तुटला की तोही गेला.

प्रश्न : द्वारका भागातल्या पंक्चरवाल्याने डाव्या चाकाचे दोन स्टड (नट बसतात ते बोल्ट) तोडले. नट मुळात इतके घट्ट असतात का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : डाव्या बाजूच्या नटांना उलटे आटे आहेत. ते घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतात. तुमच्या माणसाने सोडवतोय असं समजून ते आणखी आवळले. नवे स्टड उलट्या आट्यांचेच घ्या.

त्याहून महत्त्वाचं : रिम लष्करी, दोन तुकड्यांची असेल तर त्या दोन अर्धुकांना जोडणारे ८ नट वेगळे असतात. टायरमध्ये हवा असताना ते सोडले तर रिम अंगावर उडते आणि जीवही जाऊ शकतो. आधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण जाऊ द्या. ६.००-१६ टायरला पुन्हा ३५ पौंड हवा भरा.

प्रश्न : डिसेंबरच्या थंडीत ६ व्होल्टचा स्टार्टर रेंगाळतो. १२ व्होल्ट करून टाकू का?
– एक वाचक, निफाड

उत्तर : घाई नको. तेवढ्याच ताकदीला ६ व्होल्टवर दुप्पट करंट लागतो आणि बहुतेक ठिकाणी १२ व्होल्टची बारीक केबल लावलेली असते. केबल जाड घ्या. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणून इंजिन ते चॅसी अर्थ पट्टी वेगळी आणि स्वच्छ हवी. एवढ्याने बहुतेक तक्रारी मिटतात. १२ व्होल्टवर जुना स्टार्टर फटका मारून फिरतो आणि फ्लायव्हीलच्या रिंगचे दात खातो.

प्रश्न : जीपला मूळचा ऑलिव्ह ग्रीन रंग देऊन व्हिंटेज नोंदणी करायची आहे. डिझेल इंजिन बसवलेलं चालेल का?
– एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : दोन्ही बेतांना अडचण आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १२१व्या नियमानुसार ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. वर बाण असलेली लष्करी नंबरप्लेटही खासगी गाडीला लावू नये. देवळालीसारख्या छावणीच्या गावात तर नाहीच नाही. वाळूचा पिवळट रंगही या जीपला शोभतो.

२०२१च्या व्हिंटेज नियमांत गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही, म्हणजे डिझेल बसवलं की अर्ज तिथेच संपला. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. पुनर्नोंदणीला ५,००० रुपये. नव्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. जीप आधीच एमएच-१५मध्ये नोंदलेली असेल तर तो जुना नंबर ठेवता येतो. व्हिंटेज गाडी रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. रोज द्राक्षबागेत ये-जा करायची असेल तर व्हिंटेजच्या वाटेला न जाता नेहमीच्या नोंदणीचं नूतनीकरण करून घ्या.