वाहन-शंका : घाटात झटके देणारी पिकअप आणि घरच्या घरी प्लगबदल

प्रश्न (हडपसर) : माझी पेट्रोल आणि सीएनजी अशा दोन्ही इंधनांवर चालणारी छोटी पिकअप आहे. मार्केट यार्डातून किराणा भरून मी सासवडच्या दुकानांना पोहोचवतो. भरल्या गाडीने दिवे घाट चढताना सीएनजीवर ती झटके देते, पेट्रोलवर घेतली की सुरळीत चढते. गॅरेजमध्ये स्पार्क प्लग बदलायला सांगितले आहे. हे काम घरी करता येईल का?

उत्तर : गॅरेजचा अंदाज बरोबर असण्याचीच शक्यता अधिक आहे. प्लगच्या टोकातील अंतर, म्हणजेच गॅप, वापराने झिजून वाढत जातो. पेट्रोलच्या मिश्रणापेक्षा सीएनजीच्या मिश्रणातून ठिणगी उडण्यासाठी अधिक व्होल्टेज लागते आणि चढावर इंजिनावर ताण आला की सिलिंडरमधील दाब वाढून ती गरज आणखी वाढते. त्यामुळे सपाट रस्त्यावर कशीबशी पडणारी ठिणगी घाटात सीएनजीवर चुकते. असे मिसिंग, म्हणजे ठिणगी चुकणे, चालू असतानाच गाडी दामटत राहिल्यास न जळलेले इंधन सायलेन्सरच्या मार्गातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो अतितापून निकामी होतो. त्याच्या किमतीपुढे प्लगची किंमत नगण्य असल्यामुळे हे काम लांबणीवर टाकू नये.

प्लग घरी बदलता येतात. मात्र या वर्गातील काही गाड्यांचे इंजिन पुढच्या आसनाखाली असते. आपल्या गाडीत आसन उचलून कॉइलपर्यंत, म्हणजे प्लगला उच्च व्होल्टेज देणाऱ्या भागापर्यंत, हात पोहोचत असेल तरच पुढे जावे. वाटेत गॅसची नळी किंवा रेग्युलेटर सोडवावा लागत असेल, तर काम अधिकृत सीएनजी फिटरकडेच द्यावे, कारण त्या जोडणीत थोडीशीही गळती राहणे परवडणारे नाही.

इंजिन पूर्ण थंड झालेले असावे. हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, ॲल्युमिनियमचे असते आणि तापलेल्या हेडमधून प्लग काढताना आटे खरवडून निघण्याचा धोका असतो, म्हणून दिवसभराच्या फेऱ्यांनंतर रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी उघडणे सर्वांत चांगले. बॅटरीची ऋण तार सोडवून एका वेळी एकाच सिलिंडरची कॉइल काढावी, म्हणजे जोडण्यांची अदलाबदल होत नाही. त्यानंतर प्लगच्या खळग्यात हवा मारावी. आपल्याकडच्या रस्त्यांवरची धूळ आणि बारीक कच तेथे हमखास साचलेली असते, आणि प्लग निघताच ती थेट सिलिंडरमध्ये पडते.

नवा प्लग पान्याने बसवायला सुरुवात करू नये. त्याच्या वरच्या टोकावर रबरी नळीचा तुकडा घट्ट बसवून तो हलक्या हाताने फिरवावा. आटे तिरके लागले तर नळी घसरते आणि हेड वाचते. प्लग हाताने पूर्ण टेकल्यावरच पाना घ्यावा. वॉशर असलेल्या १४ मिलिमीटर आट्यांच्या प्लगसाठी साधारण २५ ते ३० न्यूटन मीटर इतका टॉर्क, म्हणजे आवळण्याचा पीळ, पुरतो. टॉर्क पाना नसल्यास नव्या प्लगला अर्धा ते दोन तृतीयांश फेरा द्यावा. १० किंवा १२ मिलिमीटरच्या प्लगला याहून बराच कमी टॉर्क लागतो, तेव्हा गाडीच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा. आट्यांना ग्रीस लावण्याची सवय अनेक कारागिरांना आहे. बहुतेक नव्या प्लगवर मुळातच संरक्षक थर असतो आणि ग्रीसमुळे घर्षण कमी होऊन त्याच टॉर्कला प्लग गरजेपेक्षा जास्त आवळला जातो, म्हणून ते टाळावे.

गॅप फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांच्या मापकाने, तपासावा आणि तो गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवावा. प्लग इरिडियमचा असेल, तर त्याच्या नाजूक टोकाला गेज रेटू नये. नाना पेठेत प्लग घेताना केवळ आकार जुळवून भागत नाही, उष्णता-श्रेणी, म्हणजे प्लगचे टोक उष्णता किती लवकर बाहेर टाकते याची प्रतही, तीच हवी. लवकर टाकतो तो थंड प्लग, उशिरा टाकतो तो गरम प्लग. एनजीकेच्या क्रमांकात मोठा आकडा थंड प्लग दर्शवतो, तर बॉशच्या क्रमांकात मोठा आकडा गरम प्लग, त्यामुळे दुसऱ्या कंपनीचा प्लग घेताना आकड्यावरून अंदाज बांधू नये.

जुने प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवावेत. फिकट तपकिरी किंवा राखाडी टोक निरोगी समजावे. सीएनजीवर ते अधिक पांढुरके दिसते, त्याची चिंता नको. एकाच प्लगवर ओलसर तेलकट काजळी असेल, तर त्या सिलिंडरच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीले तपासून घ्यावी लागतील. प्लग बदलूनही घाटात झटके राहिले, तर संशय कॉइलवर घ्यावा. गाडीचे दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग, असा कोड आला, तर दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावून पाहावी. कोड पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा, झाला, तर दोष त्या कॉइलचाच आहे.

प्रश्न (भोसरी) : माझी डिझेल पिकअप थंडीत सकाळी लवकर सुरू होत नाही. स्पार्क प्लग बदलू का?

उत्तर : आपल्या गाडीत स्पार्क प्लग नसतातच. डिझेल दाबलेल्या गरम हवेने पेटते. ग्लो प्लग असल्यास ते थंड इंजिनाला सुरुवातीची ऊब देतात. प्रथम बॅटरी तपासून घ्यावी, कारण पुण्याच्या थंडीत बहुधा तीच दगा देते. त्यानंतर ग्लो प्लगची जोडणी सोडवून प्रत्येकाचा रोध मल्टिमीटरने मोजावा. तो सहसा एका ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. मीटरने परिपथ तुटल्याचे दाखवले, तर तो प्लग जळालेला आहे. सर्व प्लग ठीक निघाले, तर त्यांचा रिले, म्हणजे त्यांना वीज जोडणारा स्विच, पाहावा.