पैसे आले, पण कुणाचे?

‘मावशी, मी भांडुपला राहते. सकाळी पाच जणांचे डबे करून देते, दुपार रिकामी असते. टेलिग्रामवर यूट्यूबचे व्हिडिओ बघून लाइक करायचं काम मिळालं, एका व्हिडिओचे ५० रुपये. पहिल्याच दिवशी दीडशे आले. दर वेळी वेगळ्याच माणसाच्या नावाने यायचे, पण आले. मग ‘प्रीपेड टास्क’चे ३,००० भरले, तर ३,९०० परत मिळाले. आता माझे २८,००० अडकलेत. ॲपवर ४१,००० दिसतात, पण काढायचे तर आधी १२,००० टॅक्स भरा म्हणतात. नवऱ्याला कळलं तर घर डोक्यावर घेईल. भावाकडून उसने घेऊ का? शेजारीण म्हणते, टीव्ही बघायचेही पैसे मिळतात. ते तरी खरं आहे का?’

अगं, दर वेळी वेगळ्याच माणसाचं नाव, आणि तू ‘पण आले’ म्हणून पुढे गेलीस? तुझ्या डब्यांचे पैसे कधी असे आलेत का, आज कुण्या अनोळखी बाईकडून, उद्या तिसऱ्याच कुणाकडून? आले असते तर तूच फोन करून विचारलं असतंस.

कोण असतील ही माणसं? काही जणांनी आपलं खातं या टोळीला भाड्याने दिलेलं असतं. काही जण तुझ्यासारखेच, ‘टास्क’ भरणारे. त्यांनी भरलेल्यातले थोडे तुझ्याकडे वळवले, म्हणून तुझा विश्वास बसला. ते ३,९०० कमाई नव्हती गं, कुणाच्या तरी घरातून गेलेले पैसे होते. त्या माणसाने तक्रार केली की पोलीस व्यवहारांचा माग काढत तुझ्या खात्यापर्यंत येऊ शकतात आणि बँक ते गोठवू शकते. डब्यांचे पैसेही त्याच खात्यात येतात ना?

भावाकडे एक रुपया मागायचा नाही. ४१,००० हा त्यांनी पडद्यावर उमटवलेला आकडा आहे, आणि आयकर असा टेलिग्रामवर आगाऊ कुणी वसूल करत नाही. बारा भरलेस की वीस मागतील.

टीव्हीचं विचारलंस म्हणून सांगते. कुठला कार्यक्रम किती लोक बघतात, म्हणजे टीआरपी, ते मोजायचे मीटर बार्क ही संस्था स्वतः निवडलेल्या घरांत बसवते आणि ती घरं गुप्त ठेवते. मागून मीटर मिळत नाही, तेव्हा ‘टीव्ही बघा, पैसे मिळवा’ म्हणत कुणी लिंक पाठवली तर ती फसवणूकच समज. शेजारणीलाही सांग, म्हणजे ती पुढची लिंक उघडणार नाही.

तू २८,००० पाठवलेस तेव्हा यूपीआयवर समोरच्याचं नाव दिसलं असेल, व्यवहाराचा क्रमांकही आहे. ते सगळं काढून ठेव आणि आत्ता १९३० ला फोन लाव. सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे ती. पैसे अजून एखाद्या खात्यात पडून असले तर ते तिथेच रोखता येतात, पुढे सरकले की आशा कमी होत जाते. नवऱ्याला कसं सांगू या विचारात तू किती दिवस घालवलेस ते पत्रात लिहिलं नाहीस, पण मला राग त्याचाच येतोय. नवरा चार दिवस बोलेल. फोन लावून झाला की सांग त्याला, बोलू दे.

टेलिग्रामवरचं बोलणं पुसू नकोस. आणि तक्रारीत गेलेले पैसे सांगशील तसे आलेलेही सांग, दीडशे आणि ३,९००, ज्या ज्या नावांनी आले त्या नावांसकट.