वीस लाखांची गाडी आणि सात वर्षांचा हप्ता

जुळे सोलापूरमधून एका वाचकाचं सविस्तर पत्र आलंय. वय ३२. पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीचं काम ते घरून करतात आणि महिन्यातून दोनदा गाडीने पुण्याला जातात. त्यांच्या हातात महिन्याला १,०५,००० येतात. पत्नी विनाअनुदानित कॉलेजवर शिकवते, तिचा पगार ४२,०००. घरी तीन वर्षांची मुलगी आणि आईवडील आहेत. वडील गिरणी कामगार होते. फ्लॅटचा हप्ता ३१,००० आणि घरखर्च ४८,०००. बँकेत ४ लाखांची एफडी, म्युच्युअल फंडात ७ लाख आणि चालू एसआयपी १५,००० ची. "कॉलेजपासून स्पोर्ट्स कार हवी होती. आता बजेटमध्ये बसणाऱ्यांत सगळ्यात चांगली पळणारी, वळणावर न डगमगणारी आणि वर्कशॉपमध्ये न पडणारी कोणती?" असं ते विचारतात. सोबत तीन पर्याय दिलेत. नवी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी १.५ डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरची, ऑन-रोड २०.३० लाख. नवी ह्युंदाई आय-ट्वेंटी एन लाइन मॅन्युअल, ऑन-रोड १२.९० लाख. आणि ओळखीतली जुलै २०२३ ची व्हर्टस जीटी, १.५ मॅन्युअल, ३४ हजार किलोमीटर पळालेली, १२.७५ लाखांना. मन पहिल्या गाडीवर आहे. त्यासाठी फंडातले ६.३० लाख काढून १४ लाखांचं सात वर्षांचं कर्ज घ्यायचा विचार आहे.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. गाडीची आवड मलाही आहे, त्यामुळे "कशाला हवी एवढी गाडी" हे वाक्य माझ्याकडून येणार नाही.

आधी गाड्यांचं बोलू. दोन सीटची, हलकी, इंजिनाची ताकद मागच्या चाकांना देणारी खरी स्पोर्ट्स कार आपल्याकडे परवडणाऱ्या किमतीत मिळत नाही. माझ्दाची एमएक्स-५ जगभर याच कारणासाठी नावाजलेली, पण ती भारतात विकत नाहीत. गोल्फ जीटीआय २०२५ मध्ये आली तेव्हा शोरूमची किंमत ५३ लाखांच्या घरात होती. म्हणून आपल्यासारख्यांसाठी स्पोर्ट्स कार म्हणजे टर्बो इंजिनाची हॅचबॅक किंवा सेडान. या हिशोबाने तुमची निवड बरोबर आहे.

व्हर्टसचं १.५ टीएसआय इंजिन १५० पीएस आणि २५० न्यूटन-मीटर देतं. त्यातला टॉर्क, म्हणजे ओढण्याची ताकद, इंजिनाच्या मिनिटाला १,६०० फेऱ्यांनाच हजर होते, आणि तुमच्या कामाची गोष्ट तीच आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावर ताशी १०० च्या वर जाण्याची कायद्याने मुभाच नाही, त्यामुळे टॉप स्पीड कागदावरच राहणार. पण गाळपाच्या हंगामात मोहोळ-टेंभुर्णीच्या पट्ट्यात रात्री उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे येतो, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. आरशात बघता तर उजवीकडून ट्रक येतोय. अशा वेळी आधी ब्रेक आणि स्टिअरिंग हवं, मग ६० वरून ९० वर चटकन जाणारं इंजिन. ० ते १०० किती सेकंदांत, याचा तिथे काही उपयोग नाही. व्हर्टस वेगात रस्ता धरून बसते, बाजूचा वारा लागला तरी हलत नाही. मागे डिस्क ब्रेक न देता ड्रम दिलेत, एवढी किंमत घेऊन हे मला पटत नाही.

आय-ट्वेंटी एन लाइनमध्ये १.० लिटरचं टर्बो इंजिन आहे, १२० पीएस आणि १७२ न्यूटन-मीटर. चारही चाकांना डिस्क, साध्या आय-ट्वेंटीपेक्षा कडक सस्पेन्शन, जड केलेलं स्टिअरिंग. नवी पेठेच्या गर्दीतून काढायला आणि तुळजापूरच्या घाटात वळवायला ही छोटी गाडी जास्त मजा देईल. पैशांच्या बाजूनेही ती सरस आहे. सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला १८ टक्के जीएसटी आहे, तर व्हर्टस ४० टक्क्यांत जाते. तुमच्या कोटेशनमधल्या व्हर्टसची शोरूम किंमत १६.९० लाख आहे, त्यात जीएसटीच जवळपास ४.८३ लाखांचा. वर १२ टक्के आरटीओ कर, म्हणजे २.०३ लाख. २०.३० लाखांतले पावणेसात लाखांहून जास्त सरकारजमा. १ टक्का टीसीएस, म्हणजे खरेदीच्या वेळीच आगाऊ घेतलेला आयकर, १६,९०० रुपये, रिटर्न भरताना वळते होतात, ते मागायला विसरू नका. उरलेल्या १.२० लाखांत विमा, ॲक्सेसरीज, वाढीव वॉरंटी असं सगळं कोंबलेलं आहे. विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती नसते. कोणतीही गाडी घेतलीत तरी विम्याचं कोटेशन बाहेरून मागवा.

आय-ट्वेंटीबद्दल मला एकच गोष्ट टोचते. २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेने भारतात विकली जाणारी आय-ट्वेंटी आपटून बघितली, तेव्हा पाचपैकी तीन तारे मिळाले. ती दोन एअरबॅगची गाडी होती, आता सहा येतात. तरीही व्हर्टसला २०२३ मध्ये मोठ्यांसाठी आणि मुलांसाठीही पाच तारे मिळालेत. तुमच्या मागच्या सीटवर तीन वर्षांची मुलगी बसणार आहे. हा फरक मी दोन-पाच हजारांच्या हप्त्यात मोजणार नाही.

टिकाऊपणात गिअरबॉक्स महत्त्वाचा. व्हर्टसमधला सात गिअरचा डीएसजी ड्राय क्लचचा आहे, म्हणजे त्याचे क्लच थंड ठेवायला तेल नसतं. मोकळ्या रस्त्यावर तो लोण्यासारखा चालतो, पण इंच-इंच सरकणाऱ्या गर्दीत त्याचे क्लच तापतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे जातो. गड्ड्याच्या यात्रेत किंवा हडपसरच्या सिग्नलवर अर्धा तास अडकलं की त्याचा कस लागतो. वॉरंटी संपल्यावर त्याचं काम निघालं तर खर्च मोठा. मॅन्युअलमध्ये क्लच प्लेट झिजली तर बदलायची, विषय संपला. सात वर्षं कर्ज फेडायची असतील तर मॅन्युअलच घ्या.

आता तुमच्या हिशोबाकडे. १४ लाख, ९ टक्के, ८४ महिने, हप्ता २२,५२५. व्याजच ४.९२ लाख. फ्लॅटचा हप्ता धरून ५३,५२५, म्हणजे दोघांच्या पगाराच्या साधारण ३६ टक्के. बँक हसत कर्ज देईल. पण तुमच्याच पत्रातला एक आकडा घेऊन मी वेगळा हिशोब केला. तीन वर्षांची जीटी आज १२.७५ लाखांना मिळतेय, तर तुमची नवी गाडीही तीन वर्षांनी साधारण तेवढ्यालाच जाईल असं धरू. तोवर तुम्ही सुरुवातीचे ६.३० आणि हप्त्यांचे ८.११ असे १४.४१ लाख भरलेले असतील. बँकेचे ९.०५ लाख बाकी. गाडी विकून बँक मिटवली की हातात ३.७० लाख. म्हणजे तीन वर्षांत १०.७१ लाख गेले, महिन्याला जवळजवळ ३०,०००, रोजचे हजार रुपये. पेट्रोल, विमा आणि सर्व्हिसिंग यात नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त काळजीची वाटली. दोघांच्या पगारातून घरखर्च, फ्लॅटचा हप्ता आणि एसआयपी वजा केली तर कागदावर महिन्याला ५३,००० उरायला हवेत. तुम्ही लिहिता, "बचत खात्यात ३८,००० आहेत, महिनाअखेर फारसं उरत नाही." मग ते ५३,००० जातात कुठे? मी दोष देत नाही, बहुतेक घरांत हे असंच असतं. पण कुठे जातात ते कळल्याशिवाय २२,५२५ चा हप्ता बांधणं धोक्याचं आहे. उद्या तो हप्ता एसआयपी बंद करून किंवा क्रेडिट कार्डावर भागवला जाईल.

आणि तुमचे वडील गिरणीत होते. भोंगा वाजायचा बंद झाला तेव्हा सोलापुरातल्या किती घरांत काय झालं, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. तुमच्या ऑफिसला भोंगा नाही, एक ईमेल येते. कंपनीचा ग्रुप विमा आणि मेडिक्लेम त्याच दिवशी संपतो, आणि त्या मेडिक्लेममध्ये आईवडील आजही नाहीत. तुमच्याकडे स्वतःची टर्म पॉलिसी नाही. तुमचा पगार थांबला तर पत्नीच्या ४२,००० मध्ये फक्त दोन हप्तेही बसत नाहीत. गाडी हा तुमचा हक्क आहे, पण तिच्या आधी दोन सह्या करा. एक, एक कोटीची टर्म पॉलिसी. दोन, आईवडिलांचा वेगळा आरोग्य विमा, जुनी दुखणी न लपवता. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढा हप्ता हलका झालाय.

मग करायचं काय? माझं मत: गाडी घ्या, सहा महिन्यांनी घ्या, आणि जुनी मॅन्युअल जीटी घ्या.

पुढचे सहा महिने पगार जमा झाला की त्याच दिवशी २२,५०० रुपये वेगळ्या खात्यात टाका, जणू बँकेचा हप्ता गेला. सोबत आणखी १२,५०० एफडीच्या बाजूला ठेवा. घरखर्च आणि फ्लॅटचा हप्ता मिळून तुम्हाला महिन्याला ७९,००० लागतात, सहा महिन्यांचे ४.७४ लाख. ४ लाखांच्या एफडीत हे ७५,००० पडले की अडीअडचणीची सोय झाली. ती मग गाडीसाठी मोडायची नाही. हप्त्याच्या खात्यात १.३५ लाख जमतील. एखाद्या महिन्यात ते पैसे परत काढावे लागले, तर नवी जीटी तुम्हाला झेपत नाही हे तुमचं तुम्हालाच कळेल, आणि त्यासाठी बँकेचा दंड लागणार नाही.

फंडातून ६.३० ऐवजी ५ लाख काढा, एसआयपी चालू ठेवा. तुम्ही लिहिलेल्या आकड्यांवरून या ५ लाखांतला नफा २.३० लाखांचा धरू. इक्विटी फंडात वर्षभराहून जुन्या युनिट्सचा १.२५ लाखांपर्यंतचा नफा दर आर्थिक वर्षाला करमुक्त असतो, पुढच्यावर १२.५ टक्के. अर्धी रक्कम मार्चमध्ये आणि अर्धी एप्रिलमध्ये काढली तर १३ हजारांच्या आसपासचा कर वाचतो.

जुन्या गाडीला विमा, नावावर करणं आणि टायर धरून १३.५० लाख धरा. ५ लाख फंडाचे, १.३५ जमलेले, ७.१५ कर्ज. जुन्या गाडीचं कर्ज महाग पडतं, १२ टक्के धरलं तरी चार वर्षांचा हप्ता १८,८३० च्या आसपास, एकूण व्याज १.८९ लाख. सात वर्षांऐवजी चार, आणि व्याज तीन लाखांनी कमी. गाडी महाराष्ट्रातलीच असल्याने आरटीओ कर पुन्हा नाही. नव्या आय-ट्वेंटीचा चार वर्षांचा हप्ता ९ टक्क्यांनी याहून अडीचेक हजारांनी कमी बसेल, हे खरं. मुलगी आणि पुण्याच्या फेऱ्या नसत्या तर मी तीच सांगितली असती.

ही ठरावीक गाडी सहा महिने थांबणार नाही. जाऊ द्या, दुसरी मिळेल. मात्र एप्रिल २०२३ नंतर बनलेलीच बघा, कारण त्यानंतरच्या गाड्या ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या हिशोबाने बनल्यात. कंपनीची वॉरंटी चार वर्षं किंवा एक लाख किलोमीटरची आहे, त्यातली किती उरलीय आणि पैसे भरून वाढवता येते का, हे व्यवहाराआधी लेखी घ्या. सर्व्हिसिंग पुण्याच्या फेरीत, ऑफिसच्या दिवशी उरकता येईल.

जुन्या गाडीत मी स्वतः एकदा फसलोय. २०१६ साली एक हॅचबॅक घेतली, रंग चकचकीत, इंजिन गोड. पहिल्या पावसात पुढच्या पायाखाली पाणी आलं. मॅट उचलली तर आत वेल्डिंगची जाड रेघ, वरून काळा रंग मारलेला. ती गाडी पुढून ठोकलेली होती. विकणाऱ्याने ते सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तेव्हापासून मी मॅट उचलून बघतो, बूट उघडून स्टेपनीखालचा पत्रा बघतो, आणि विम्याच्या जुन्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस किती आहे ते बघतो. तीन वर्षांत बोनस शून्यावर आला असेल तर क्लेम कशाचा होता ते विचारा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. जीटीमध्ये एक जादा तपासणी: रिमॅप केलाय का? ताकद वाढवायला कॉम्प्युटरमध्ये बदल केलेली गाडी स्वस्तात मिळाली तरी सोडा. वॉरंटी गेलेली असते आणि विमा कंपनी क्लेमला हरकत घेऊ शकते. तुम्ही स्वतःही तो करू नका, १५० पीएस भरपूर आहेत.

बघायला सकाळी लवकर जा, इंजिन थंड असताना. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. चालू करताना आवाज ऐका, मागे धूर बघा, तिसऱ्या गिअरमध्ये चढावर जोरात दाबून क्लच घसरतो का बघा. तुळजापूर रोडला एक फेरी मारा आणि बाबांना मागच्या सीटवर बसवून न्या. त्यांचे गुडघे दुखतात असं तुम्ही लिहिलंय आणि ही सेडान बुटकी आहे. उतरताना त्यांना दाराला धरून उठावं लागतं का, ते बघा.