चालू मिसळ हॉटेल २८ लाखांना घ्यावं का?

नमस्कार दादा, मेसेज वाचला. म्हणजे नाशकात अंबडच्या कंपनीत ५२ हजार पगार, गंगापूर रोडला एक चालू मिसळीचं हॉटेल विकायला निघालंय, मालक २८ लाख मागतोय, महिन्याला दीड लाख सुटतात म्हणतोय आणि वर २०२७ ला कुंभ आहे, वर्षात पैसे वसूल असंही सांगतोय. तुमचे एफडी-पीएफचे १८, बाकीचे १० लोन काढून. राजीनामा टाकू का, असं विचारलंय.

या भावात नको, आणि राजीनामा तर आत्ता अजिबातच नको.

तुम्हीच लिहिलंय की गल्ल्यावर तो स्वतः बसतो, भटारखाना भाऊ बघतो आणि मसाला घरून वहिनी करून देते. मग त्या दीड लाखात तिघांचा पगार धरलाय कुठे? तुम्हाला वस्ताद आणि एक भरवशाचा माणूस ठेवावा लागणार, ५५ हजार तिथेच गेले. उरले ९५. दहा लाखाचा १२ टक्क्याने ५ वर्षांचा हप्ता साधारण २२ हजार, १८ लाखांवर ७ टक्के धरले तरी महिन्याचं साडेदहा हजार व्याज बुडालं, आणि तुमचा ५२ हजार पगार बंद. हिशोब करून बघा, पहाटे पाचला भट्टी पेटवून वर जेमतेम दहा हजार जास्त, तेही दीड लाख खरे असतील तर.

आणि ते खरे आहेत का हे वहीत नका शोधू, पावात शोधा. रोज २५० प्लेट म्हणतोय ना, प्लेटला दोन पाव, म्हणजे एक्स्ट्रा सोडूनच ५०० पाव लागणार. बेकरीवाल्याची मागच्या सहा महिन्यांची बिलं मागा, तिथे रोजचे ३०० निघाले तर प्लेटा दीडशेच्या वर नाहीत, विषय संपला. सोबत १९ किलोच्या सिलेंडरची बिलं, युपीआयचं स्टेटमेंट आणि जीएसटी रिटर्न. 'कागदावर कमी दाखवलाय हो' म्हणाला तर म्हणायचं, मग भावही कागदावरचाच देतो. बँकही कागदच बघणार आहे. रविवारी सकाळी हॉटेल बघायला जाऊ नका, रविवारी नाशकात कुठल्याही मिसळीला रांग असते, मंगळवारी दुपारी जाऊन बसा.

जागेचं तर मला जास्त टेन्शन आहे. ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स त्याच्या नावावर, म्हणजे जागा त्याची नाहीच, विकणार काय? टोकन द्यायच्या आधी जागामालकाला भेटा, तुमच्या नावाने निदान ५ वर्षांचा रजिस्टर करार आणि दरवर्षी भाडं किती वाढणार ते लिहून घ्या. तो नाही म्हणाला तर तुमच्या हातात भांडी आणि बोर्ड एवढंच येतं.

कागदांचं थोडक्यात. फूड लायसन्स आणि जीएसटी नंबर तुमच्या नावाने नवीन काढायचे, त्याचे चालत नाहीत. पण त्याचा जुना जीएसटी थकलेला असेल तर जीएसटी कायद्याच्या कलम ८५ प्रमाणे वसुली तुमच्याकडूनही होऊ शकते, म्हणून सीएकडून ते तपासल्याशिवाय सही नाही. शेजारच्या गल्लीत त्याने परत मिसळ चालू करू नये ही अट करारात हवीच, धंद्याचं नाव विकताना ठरावीक भागापुरती अशी अट कायद्यात चालते.

कुंभाचा एक रुपयाही भावात धरू नका. गर्दी रामकुंड, तपोवन, त्र्यंबककडे, आणि पर्वणीला बाहेरच्या गाड्या शहराबाहेरच अडवतात, गंगापूर रोडवर मिसळ खायला कोण कितपत येईल देव जाणे. कुंभ येतो बारा वर्षांनी, हप्ता येतो दर महिन्याला.

मी असतो तर डिपॉझिट वेगळं धरून भट्टी-फ्रिज-टेबलांचे जुन्या बाजाराचे भाव आणि नावाचे थोडे, असे १५-१६ च्या वर गेलो नसतो. त्यातले अर्धे आत्ता, बाकीचे सहा महिन्यांत, वहिनींनी मसाला तुमच्या वस्तादाला शिकवून दिल्यावर. पीएफला हात लावायचा नाही. त्याआधी रजा टाकून पंधरा दिवस त्याच्या गल्ल्याशेजारी बसा, खरा धंदा असेल तर तो नाही म्हणणार नाही.

जागामालक काय म्हणतो ते आधी कळवा, तोपर्यंत टोकनचे ५१ हजार खिशातच राहू द्या.